महिंद्राची लाल गेली, पुण्याची जांभळी गेली. मुंबईची आकाशी कुणाची? फुटबॉल क्लबच्या जर्सीमागची गोष्ट

नाशिकमध्ये रविवारी सकाळी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांकडे जरा निरखून पाहा. एकाच संघात चार देश आणि सहा क्लब सापडतात. अर्जेंटिनाचा दहा नंबर, पोर्तुगालचा सात नंबर, बार्सिलोनाचे निळे-तांबडे पट्टे, मँचेस्टर सिटीची आकाशी. मुंबई सिटी एफसीचीही घरची जर्सी आकाशीच आहे, पण ती घातलेला मुलगा शोधावा लागतो. मँचेस्टर सात हजारांहून अधिक किलोमीटरवर आणि मुंबई कसाऱ्याचा घाट उतरला की आलीच, तरी हे असे आहे.

या दोन आकाशी जर्सींचे नाते सहा वर्षे टिकले आणि डिसेंबर 2025 मध्ये तुटले. मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा मूळ मालकांकडे परत दिला. क्लबचा मालक गेला की जर्सीचे काय होते, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. आपल्याकडे त्याची उत्तरे याआधी मिळालेली आहेत आणि ती फारशी गोड नाहीत.

मुंबईची जर्सी आकाशी झाली कशी?

अनेकांना वाटते, की मँचेस्टरचे मालक आले म्हणून मुंबईने आकाशी रंग घेतला. तसे नाही. इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल 2014 मध्ये सुरू झाली, तेव्हा अभिनेता रणबीर कपूर आणि सनदी लेखापाल बिमल पारेख यांच्या मालकीचा मुंबई सिटी एफसी पहिल्या हंगामापासून आकाशी जर्सीतच उतरला. निकोलस अनेल्का, फ्रेडी ल्युंगबर्ग ही त्या वर्षीची मोठी नावे. सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होत. अंधेरीच्या मैदानावर क्लब नंतर आला. मँचेस्टरचा तेव्हा काही संबंध नव्हता.

संबंध आला तो नोव्हेंबर 2019 मध्ये. सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला. नाव आधीच ‘सिटी’, रंग आधीच आकाशी. नव्या मालकांना काही बदलावे लागलेच नाही.

हे किती नशीबवान होते, हे कळण्यासाठी ऑस्ट्रेलियात काय झाले ते पाहावे लागते. 2014 च्या सुरुवातीला याच समूहाने मेलबर्न हार्ट हा क्लब विकत घेतला. हार्टची जर्सी लाल-पांढरी होती. नवे नाव ‘मेलबर्न सिटी’ ठरले आणि रंगही आकाशी करायचा बेत होता. पण सिडनी एफसी आधीपासून आकाशी घालत होता, त्याने हरकत घेतली. त्यामुळे मेलबर्नला घरच्या सामन्यांत काही हंगाम पांढऱ्या जर्सीवर भागवावे लागले. आकाशी मिळाली ती 2019 मध्ये. जुन्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांना बाहेरच्या सामन्यांची जर्सी म्हणून जागा मिळाली. एका क्लबचा जन्मरंग असा पाहुण्यासारखा उरला.

मुंबईत मात्र रंगही टिकला आणि यशही आले. 2020-21 च्या हंगामात, करोनामुळे गोव्यात रिकाम्या स्टेडियममध्ये सामने होत असताना, मुंबई सिटीने साखळीतले अव्वल स्थान आणि अंतिम सामना दोन्ही जिंकले. एप्रिल 2022 मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला रियाधमध्ये 2-1 असे हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. 2023 मध्ये सौदीचा अल हिलाल पुण्याच्या बालेवाडीत येऊन या आकाशी जर्सीविरुद्ध खेळून गेला. जखमी नेमार आला नाही, ही हळहळ वेगळी. 4 मे 2024 रोजी कोलकात्यात, मोहन बागानच्या अंगणात, मुंबईने 3-1 असा दुसरा आयएसएल करंडक जिंकला.

मग 2025 उजाडले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला, नवा होईना, आणि जुलैमध्ये पुढचा हंगाम थांबवल्याचे जाहीर झाले. क्लबांना जर्सी छापायची तर कोणत्या सामन्यासाठी, हेच कळेना. या अनिश्चिततेतच परदेशी मालक बाहेर पडले.

याआधी महाराष्ट्रात काय झाले?

मुंबईच्या फुटबॉलमध्ये कधी काळी कंपन्यांचे संघ भरपूर होते. टाटा, कॅल्टेक्स, एअर इंडिया, रेल्वे, बँका, मफतलालसारख्या गिरण्याही. खेळाडूला नोकरी, कंपनीला नाव, आणि कूपरेजवर संध्याकाळी गर्दी. 1891 पासून चालत आलेला रोव्हर्स करंडक हा त्या गर्दीचा सण होता. त्या काळी जर्सीवर जाहिरात नसे, कारण अख्खा संघच जाहिरात असे.

त्या परंपरेतला सगळ्यात यशस्वी संघ म्हणजे महिंद्रा. 1962 मध्ये सुरू झालेला हा कंपनीचा संघ पुढे ‘महिंद्रा युनायटेड’ झाला. लाल जर्सी आणि ‘जीपमेन’ हे टोपणनाव. 2005-06 मध्ये त्यांनी राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. मुंबईच्या क्लबने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. आणि चार वर्षांत, 2009-10 च्या हंगामानंतर, कंपनीने संघ बंद केला. आता शालेय आणि तळाच्या फुटबॉलवर लक्ष देणार, असे सांगण्यात आले. कंपनीच्या ताळेबंदाच्या दृष्टीने तो कदाचित समंजस निर्णय असेल. पण जवळजवळ पन्नास वर्षांची लाल जर्सी एका हंगामाच्या शेवटी संपली. तिच्यासाठी मोर्चा निघाला नाही. आज ती जर्सी विकत घ्यायची म्हटली तर मिळणार कुठे? कुणा माजी खेळाडूच्या कपाटात असेल तेवढीच.

पुण्याची गोष्ट आणखी विचित्र. आयएसएलबरोबरच 2014 मध्ये जन्मलेल्या एफसी पुणे सिटीचे रंग केशरी आणि जांभळा. केशरी समजण्यासारखा, पण जांभळा कुठून आला? तो आला इटलीतल्या फ्लॉरेन्सहून. तिथला फिओरेंटिना क्लब पुण्याचा भागीदार होता आणि जांभळा ही त्याची जगभरची ओळख. फिओरेंटिनाच्या जांभळ्याबद्दलही एक आख्यायिका सांगतात. म्हणे मूळ जर्सी लाल-पांढरी होती, नदीवर धुताना रंग एकमेकांत उतरले आणि जांभळी झाली. खरेखोटे देव जाणे. पण इटलीतल्या कुणाच्या तरी धुण्याचा रंग बालेवाडीत पोहोचला, असे म्हणायला मजा येते.

ही मजा पाच वर्षे टिकली. मालक आर्थिक अडचणीत आले आणि 2019 मध्ये पुण्याची आयएसएलमधली जागा नव्या मालकांनी हैदराबादला नेली. हैदराबाद एफसीची जर्सी पिवळी. केशरी झेंडे घेऊन बालेवाडीला जाणाऱ्या पुणेकर चाहत्याने करायचे काय? हैदराबादला टाळ्या वाजवायच्या? गंमत म्हणजे त्या पिवळ्या जर्सीने 2021-22 चा करंडक जिंकला आणि 2025 मध्ये तीही गेली. संघ दिल्लीला हलवून त्याचे नाव ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झाले. खेळायचा परवाना तोच, शहरे तीन, जर्सी प्रत्येक वेळी नवी. पुणे एफसी आणि डीएसके शिवाजियन्स हे पुण्यातलेच आणखी दोन क्लब आय-लीगमधून असेच नाहीसे झाले.

जर्सीत एवढे असते काय?

सुरुवातीला फार काही नव्हते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आपला गडी ओळखू यावा म्हणून एकसारखा रंग घालत. कापड लोकरीचे नाहीतर जाड सुताचे. पावसात भिजले की दुप्पट जड व्हायचे. रंग ठरवायची पद्धतही साधी, म्हणजे दुकानात जे मिळेल ते. इटलीचा युव्हेंटस आधी गुलाबी जर्सीत खेळायचा. ती धुऊन धुऊन फिकी पडली म्हणून 1903 च्या सुमारास इंग्लंडहून नव्या जर्सी मागवल्या. आल्या त्या नॉट्स काउंटी क्लबच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. आज तेच पट्टे युव्हेंटसची शान आहेत, आणि नॉट्स काउंटी खालच्या विभागात खेळतो.

पाठीवरचा नंबर त्याहून उशिराचा. 25 ऑगस्ट 1928 रोजी आर्सेनल आणि चेल्सी यांनी आपापल्या सामन्यांत नंबर वापरून पाहिले. 1933 च्या एफए कप अंतिम सामन्यात एव्हर्टनला 1 ते 11 आणि मँचेस्टर सिटीला 12 ते 22 असे नंबर दिले होते. म्हणजे नंबर जागेचा होता, माणसाचा नव्हता. इंग्लिश लीगमध्ये नंबर सक्तीचा झाला 1939 मध्ये. पाठीवर खेळाडूचे नाव आणि हंगामभर एकच नंबर ही प्रीमियर लीगची 1993-94 ची सुरुवात. आपल्या मुलांना ‘सात नंबर’ किंवा ‘दहा नंबर’चीच जर्सी का हवी असते, त्याचे मूळ इथे आहे. नंबर माणसाला चिकटला आणि दुकानदाराचे भले झाले.

छातीवरची जाहिरात आली 1973 मध्ये, जर्मनीत. आइन्ट्राख्ट ब्राउनश्वाइग या क्लबला एका मद्य कंपनीचे पैसे हवे होते, पण तिथल्या महासंघाला जर्सीवरची जाहिरात मान्य नव्हती. क्लबने पळवाट काढली. स्वतःचे बोधचिन्हच बदलून कंपनीच्या बाटलीवरचे हरणाचे डोके घेतले. बोधचिन्हाला कोण अडवणार? 1979 मध्ये लिव्हरपूलच्या लाल जर्सीवर हिताची आले आणि इंग्लंडमधले मोठे क्लबही त्या वाटेने गेले. बार्सिलोनाने मात्र शतकभर छाती कोरी ठेवली. 2006 मध्ये युनिसेफचे नाव घातले, तेही पैसे न घेता, उलट देणगी देऊन; आणि 2011 मध्ये कतार फाउंडेशनचे पैसे घेतलेच. एकदा कोरी जागा भरली की ती पुन्हा कोरी होत नाही.

कोलकात्यात रंग टिकला, तो कसा?

भारतात जर्सीचा रंग खरोखर घरात शिरला आहे तो कोलकात्यात. 1889 मध्ये स्थापन झालेला मोहन बागान हिरव्या आणि तपकिरीकडे झुकणाऱ्या किरमिजी रंगाचा. 29 जुलै 1911 रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. संघातले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. गोऱ्या फौजेच्या बुटांसमोर अनवाणी पाय आणि अंगावर आपली जर्सी, हे चित्र बंगालने आजवर जपून ठेवले. 1 ऑगस्ट 1920 रोजी ईस्ट बंगाल निघाला, लाल आणि सोनेरी रंगाचा. फाळणीनंतर पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांनी तो आपला मानला. तेव्हापासून तिथे रंग विचारला की घराणे कळते.

पैशाने या रंगांनाही गाठले. 1998 मध्ये एकाच मद्य उद्योगसमूहाने दोन्ही हाडवैऱ्यांत पैसे घातले आणि एक झाला ‘मॅकडॉवेल मोहन बागान’, दुसरा ‘किंगफिशर ईस्ट बंगाल’. मैदानावर वैर, छातीवर एकच मालक.

खरी लढाई झाली ती 2020 नंतर. आयएसएलमध्ये खेळणाऱ्या एटीके या क्लबच्या मालकांनी मोहन बागानच्या फुटबॉल विभागाचा 80 टक्के हिस्सा घेतला. एटीकेची जर्सी लाल-पांढरी होती. चाहते बिथरले. जुलै 2020 मध्ये नव्या संचालक मंडळाने निर्णय दिला तो असा, की हिरवा-किरमिजी रंग राहील, शिडाच्या होडीचे बोधचिन्ह राहील, पण नाव ‘एटीके मोहन बागान’. म्हणजे कापड तुमचे, नावाची पाटी आमची.

चाहत्यांनी हा तोडगाही गिळला नाही. ‘एटीके हटवा’ ही मोहीम समाजमाध्यमांवर, स्टेडियमवर, फलकांवर तीन वर्षे चालली. मार्च 2023 मध्ये संघाने बंगळुरूला हरवून आयएसएल करंडक जिंकला, त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी एटीके हा शब्द काढून टाकत असल्याचे जाहीर केले. मुंबई सिटीने 2021 मध्ये हरवलेला ‘एटीके मोहन बागान’ आणि 2024 मध्ये हरवलेला ‘मोहन बागान सुपर जायंट’ यांत फरक पडला तो या मोहिमेने. जर्सी दोन्ही वेळा हिरवी-किरमिजीच होती.

महिंद्रासाठी असे कुणी का उभे राहिले नाही? माझ्या मते उत्तर कटू पण सोपे आहे. महिंद्राची जर्सी कंपनीची होती, लोक ती पाहायला जात. मोहन बागानची जर्सी लोकांची होती, मालक तिच्यात नंतर आला.

रंग बदलायला कायदा आडवा येतो का?

इंग्लंडमध्ये आता येतो. वेल्समधल्या कार्डिफ सिटी या निळ्या क्लबची जर्सी 2012 मध्ये मालक व्हिन्सेंट टॅन यांनी लाल केली. आशियात लाल रंग शुभ आणि विक्रीला बरा, असे त्यांचे गणित होते. संघ वरच्या विभागात गेला, तरी चाहत्यांचा राग शमला नाही. जानेवारी 2015 मध्ये निळा परत आला. अशा प्रकरणांतून बोध घेऊन ब्रिटनने 2025 मध्ये फुटबॉल प्रशासन कायदा केला. त्यानुसार बोधचिन्ह आणि घरच्या जर्सीचा मुख्य रंग बदलायचा तर चाहत्यांचा पाठिंबा असल्याचे क्लबला दाखवावे लागते.

भारतात क्लबच्या रंगासाठी चाहत्यांना विचारण्याचे बंधन नाही. छातीवर काय छापायचे यावर मात्र सरकारचे लक्ष आहे. बातम्यांच्या किंवा क्रीडा संकेतस्थळाच्या नावाआडून सट्टेबाजीची जाहिरात जर्सीवर येऊ लागली, तेव्हा 2022 मध्ये केंद्राने अशा आडवाटेच्या जाहिरातींबाबत सूचना काढल्या. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर ड्रीम इलेव्हनचे नाव भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरून उतरले आणि अपोलो टायर्सचे आले. इंग्लंडमध्येही प्रीमियर लीगच्या क्लबांनी 2026-27 पासून छातीवर जुगार कंपन्यांची नावे न घेण्याचे मान्य केले आहे.

मालकाविना जर्सी टिकते?

टिकते, आणि त्यासाठी इंग्लंडला जायला नको, कोल्हापूरला गेले तरी पुरे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तिथल्या संघांची नावे. कंपनीची नव्हेत, पेठेची, तालमीची, मंडळाची. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की प्रेक्षागृहात कोण कुठे बसणार हे जर्सीच सांगते. प्रायोजक येतात-जातात, परदेशी खेळाडूही येतात-जातात. तालीम जागेवर असते, म्हणून जर्सीही असते. 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात देशाची निळी जर्सी घालणारा अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. सगळेच आलबेल आहे असे नाही. हुल्लडबाजीमुळे तिथल्या फुटबॉललाही डाग लागतात. पण पेठेचा संघ कुणी उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही, एवढे खरे.

नाशिकला ना कंपनीचा व्यावसायिक क्लब, ना पेठांची लीग. पण जर्सी छापणाऱ्यांची कमी नाही. पूर्वी बनियनच्या कापडावर स्क्रीन प्रिंटिंगने नंबर चिकटवत. दोन धुण्यांत तो सोलून निघायचा. आता ‘सब्लिमेशन’ आले आहे. संगणकावरचे डिझाइन कागदावर उलटे छापतात, तो कागद पांढऱ्या पॉलिस्टरवर ठेवून सुमारे 200 अंश सेल्सिअसला दाबतात. शाई वितळत नाही, थेट वायू होऊन धाग्यात शिरते, म्हणून रंग सोलून निघत नाही. सुती कापडावर हे जमत नाही. बाजारातली जवळजवळ प्रत्येक जर्सी पॉलिस्टरची असण्याचे हे एक कारण, घाम लवकर वाळतो हे दुसरे. या तंत्रात वीस जर्सी छापा नाहीतर दोनशे, प्रत्येकीवर वेगळे नाव टाकायला वेगळा साचा लागत नाही. त्यामुळे गल्लीतल्या संघालाही आज खऱ्या क्लबासारखी जर्सी परवडते. परदेशी क्लबची अधिकृत जर्सी काही हजारांना असते. फुटपाथवरची तिची नक्कल काही शेकड्यांत मिळते, आणि मैदानावर दिसतात त्या बहुतेक नकलाच.

स्थानिक स्पर्धेसाठी संघाची जर्सी छापायला दिली, की दुकानदार मोबाइलवर नमुने दाखवतो. रंग मुले चटकन ठरवतात. नंबरावरून थोडे भांडण होते, दहा नंबर दोघांना हवा असतो. मग दुकानदार विचारतो, छातीवर काय? तिथे बहुतेक वेळा एखाद्या भावी नगरसेवकाचे नाव येते, हात जोडलेल्या फोटोसह. पुढच्या वर्षी स्पर्धा तीच असते, मुले तीच असतात आणि फोटो दुसऱ्याचा असतो.